मीठ तेवढं कळतं

दादा,

परवा सकाळी आमच्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी पेशंटच्या बायकोला एक साधा प्रश्न विचारला आणि मी हातातला डाएटचा कागद तसाच धरून भिंतीला टेकले. आज रविवार आहे, आई जेवून पडली आहे. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही आपण बाप-लेकीनं एकमेकांना कधी पत्र लिहिलं नाही, तेवढं लांब कुणी गेलंच नाही. मी परंदवडीहून तळेगावला शिकायला, तुम्ही बेगडेवाडी स्टेशनावरून लोकलनं लोणावळ्याला कामाला, आणि संध्याकाळी दोघंही पुन्हा त्याच चुलीपुढं. पण हे तुम्हालाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो माझी समजूत घालेल, आणि मला समजूत नको आहे.

पेशंट तिकोणा पेठेचा आहे, चौतीस वर्षांचा. पवना धरणाच्या काठी पर्यटकांसाठी तंबू लावायचं काम करायचा. आठ महिन्यांपूर्वी टेम्पोच्या टपावरून सामान उतरवताना डोक्यावर पडला. तेव्हा पुण्यात उपचार झाले, शुद्धीवर आला, हातपाय हलले, बोलायला लागला. सगळे म्हणाले वाचला. आता आमच्याकडं आला तो उलट्या होतात आणि उभं राहिलं की चक्कर येते म्हणून. मी त्याचं खाणं लिहून घ्यायला गेले होते. बायको सांगत होती, "दोन घास खातो आन् ताट सारतो. आदी लय कामाचा माणूस व्हता हो. आता ऊठ म्हनलं की उठतो, बस म्हनलं की बसतो. घरातली म्हनत्यात, अंगात आळस भरलाय." तेवढ्यात त्या डॉक्टरीणबाई आल्या. पुण्याहून आठवड्यातून दोनदा येतात, शरीरातल्या ग्रंथींच्या, हार्मोन्सच्या डॉक्टर आहेत, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. त्यांनी त्याचे हात पाहिले, गाल पाहिले आणि बायकोला विचारलं, "दाढी किती दिवसांनी करतात हे?" ती बाई लाजून हसली. म्हणाली, "मॅडम, दाढी कुटं येती आता? महिना झाला, वस्तराच लावला न्हाई."

दादा, मला तुमचा चेहरा दिसला. शेवटच्या वर्षातला, नितळ, पांढरट, बाईसारखा मऊ झालेला.

तुम्ही रोज दाढी करायचात. दाराच्या चौकटीला खिळ्यावर आरसा अडकवलेला, तुम्ही पहाटे तिथं उभे, तोंडाला फेस, आणि आई चहाचं आधण ठेवताना म्हणायची, "सासरी निगालाय का?" पण तुम्ही म्हणायचात, खायच्या वस्तूचं काम आहे, माणूस चकचकीत पाहिजे. लोणावळ्याच्या बाजारामागं तो चिक्कीचा कारखाना, त्यात तुम्ही पाकावरचे कारागीर. शाळेच्या सुट्टीत तुम्ही मला एकदा घेऊन गेला होतात, मी दहा-अकरा वर्षांची असेन. मोठ्या कढईत गूळ उकळतो आहे, भिंतीपर्यंत त्याचा वास आहे, आणि तुम्ही कढईत बघतच नाही आहात, भलतीकडं तोंड करून कुणाशी तरी बोलता आहात. मला वाटलं, तुमचं लक्ष नाही. आणि एकदम बोलणं अर्धवट सोडून तुम्ही कढई उतरवायला सांगता. नंतर मी विचारलं, कसं कळलं, तर नाकावर बोट ठेवून म्हणालात, "डोळ्याला दिसायच्या आदी हितं कळतं. डोळ्याला दिसला तवा पाक गेला." त्याच दिवशी पाटावर ओतलेल्या पाकाला मी बोट लावायला गेले आणि तुम्ही माझं मनगट असं हिसकलंत की दोन दिवस दुखत होतं. "पाक म्हंजे विस्तूच. परत हात फुडं आला तर घरी बसवीन." येताना लोकलमध्ये मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही तुकड्यांची पुडी माझ्या मांडीवर ठेवलीत आणि खिडकीबाहेर बघत बसलात. कामशेत येईपर्यंत पुडी संपली होती.

बारावीनंतर मी आहारशास्त्र घेते म्हटल्यावर आळीत सगळे हसले. खायचं काय शिकायचं, असं म्हणाले. विहारात वंदनेला जमलेल्या बायकासुद्धा आईला विचारायच्या, पोरगी आचारी होणार का. कॉलेज सुरू व्हायच्या आधी एका संध्याकाळी तुम्ही कागदात गुंडाळलेला पांढरा ॲप्रन घेऊन आलात, बाजारातल्या शिंप्याकडून शिवून घेतलेला. माप माझं न घेता नुसतं हातानं दाखवून शिवलेला, त्यामुळं बाह्या बोटांच्या खाली येत होत्या. मी तो घालून उभी राहिले तेव्हा तुम्ही आईला म्हणालात, "आता आपण काय खायचं ते हिला इच्यारायचं. ही सांगंल ते खायचं." तुम्ही ते थट्टेत म्हणालात. पण तुम्ही पुढं ते खरंच पाळलंत, आणि मला तेच सोसत नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही पडलात. कारखान्यात माळ्यावरून शेंगदाण्याचं पोतं काढताना शिडी सरकली आणि डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटली. चार दिवस तुम्ही डोळे उघडले नाहीत. पाचव्या दिवशी उघडलेत आणि आईला विचारलंत, "शेळी पाजली का?" आम्ही रडत हसलो. तीन आठवड्यांनी तुम्ही दवाखान्यातून घरी आलात, पायांनी चालत. गावात पेढे वाटले. आमच्या दृष्टीनं दुखणं तिथं संपलं होतं.

घरी आल्यावर पहिल्या जेवणाला आईनं सुकट भाजली. आमच्या घरी सुकट भाजली की तुम्ही मोरीतून ओरडायचात, "दोन जास्ती भाज." त्या दिवशी सगळ्या आळीत वास गेला, शेजारची काकू भांडं घेऊन आली, आणि तुम्ही चुलीकडं पाठ करून बसलेले, मान वळवली नाही. आईनं ताट पुढं केलं तेव्हा खाली बघून म्हणालात, "ह्ये काय हाय?" महिन्याभरानं तुम्ही कामावर गेलात आणि पहिल्याच दिवशी पाक करपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाकीचे ओरडले तरी तुम्हाला करपल्याचं कळत नव्हतं. मालक भला माणूस होता, त्यानं तुम्हाला खोकी भरायच्या कामाला बसवलं. तिथं तुम्ही खोक्यांमध्ये बसल्या बसल्या झोपायला लागलात. मग घरीच राहिलात. भर एप्रिलमध्ये घोंगडी घेऊन उन्हात बसायचात. लोक रस्त्यानं जाताना म्हणायचे, बसून खायची सवय लागली. काही बायका म्हणायच्या, तब्येत सुधारली, चेहरा उजळला. आरसा चौकटीला तसाच होता. आधी आठवड्यानं, मग महिन्यानं तुम्ही त्याच्यापुढं उभं राहायला लागलात. आम्हाला वाटलं, कंटाळा.

आई तिच्या पद्धतीनं इलाज करत होती. डोक्याला मार लागला म्हणून मुंडीचा रस्सा, भिजवलेले बदाम, अंडी, पायाचं सूप. "डोक्याला डोकंच पायजे," म्हणायची. आणि मी माझ्या पद्धतीनं. माझ्या पुस्तकात एक धडा होता, अर्धांगवायू आणि रक्तदाबाच्या रुग्णांचा आहार. तेही मेंदूचं दुखणं, तुमचंही मेंदूचं, म्हणून मी तो धडा उचलला आणि मोठ्या कागदावर तक्ता लिहून चुलीच्या वरच्या भिंतीला डकवला. तेल बंद. मटण बंद, अंड्यातला पिवळा भाग बंद, सुकट-बोंबील बंद. मीठ अगदी कमी. मुगाचं पाणी, दुधी, मऊ भात. रक्तदाब वाढलेल्या माणसाचं पथ्य मी तुम्हाला लावलं, आणि तुमचा रक्तदाब किती आहे हे एकदाही कुणाकडून मोजून घेतलं नाही. आई दोन दिवस भांडली. तुम्ही तिला म्हणालात, "शिकलीया ती. तिचं ऐक." तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं.

एकदा तुम्ही ताटापुढं बसून नुसतेच भात चिवडत होता. मी विचारलं, काय झालं. तुम्ही म्हणालात, "पोरी, चिमूटभर मीठ टाक. बाकी कशाची चव लागंना, मीठ तेवढं कळतं तोंडाला." मी तक्त्याकडं बोट दाखवलं. दादा, मी खरंच बोट दाखवलं. आज मला माहीत आहे की वास गेला की जेवणाची चव जाते, जिभेवर उरतं ते फक्त खारट, गोड, आंबट, कडू. तुम्ही मला तुमच्या दुखण्याचं अगदी नेमकं वर्णन करून सांगत होता. वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर बाईंनी त्याला उभं करून सगळ्यांना ऐकवलं असतं.

आणि तो दिवाळीच्या सुट्टीतला दिवस. सकाळपासून तुम्ही ओट्यावर घोंगडीत बसून होता. मी गोठ्यातलं शेणकूर केलं, पाणी भरलं, अभ्यासाची वही उघडली आणि तुमच्याकडं बघून माझा तोल गेला. मी म्हटलं, "हातपाय धड आहेत तुमचे. लोक याहून मोठ्या दुखण्यातून उठतात. तुम्ही मनावरच घेत नाही." तुम्ही रागावला नाहीत. घोंगडी गुडघ्यांवर ओढून घेतलीत. मग म्हणालात, "मनावर घ्यायला मन तर गावलं पायजे." मी वही मिटून आत गेले. पुस्तकी उत्तर दिलं म्हणून मला राग आला होता. तुम्ही तर चौथीपर्यंत शिकलेले.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी गावात उलट्या-जुलाबांची साथ आली. घरटी दोघं-तिघं आजारी होते. मीही पडले, आईही. आम्ही दोघी तिसऱ्या दिवशी उठलो. तुम्हाला आमच्या मानानं कमीच त्रास झाला होता. मी तुम्हाला साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत होते, पुस्तकातल्या मापानं. तुमचे हात गार होते. सकाळी तुम्ही माझं नाव घेतलंत, मग मलाच आईच्या नावानं हाक मारलीत. दवाखान्यात न्यायला सोमाटण्याहून टेम्पो येईपर्यंत तुम्ही गेला होतात. बघायला आलेले डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा होता. साध्या जुलाबानं पंचेचाळिशीचा माणूस कसा जातो, हे मला एकतीस वर्षं कळलं नाही. मी विचारणंही सोडून दिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्या पेशंटच्या बायकोला स्टुलावर बसवलं आणि कागदावर चित्र काढलं. मेंदूच्या खाली, अगदी मधोमध, हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती बाकीच्या ग्रंथींना हुकूम देते. डोक्याला मोठा मार लागला की कधीकधी ती दुखावते आणि हुकूम देणं बंद करते. मग गळ्यातली ग्रंथी मंदावते, माणसाला थंडी वाजते, झोप येते. दाढी येत नाही. भूक मरते, रक्तदाब उतरतो, रक्तातलं मीठ खाली जातं. आणि आजारपणात अंगाला तग धरायला जो रस लागतो, तोच तयार होत नाही, त्यामुळं साधा ताप, साध्या उलट्यासुद्धा जिवावर बेततात. "बाई, हा आळस नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या अंगात सकाळ होतच नाहीये." बायकोनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "मी त्यांला लय बोलले वो." मी तिथून बाहेर आले. तिच्याजवळ उभं राहायची माझी हिंमत झाली नाही.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, बाईंचा अंदाज बरोबर निघाला. आधी एक औषध सुरू केलं, दुसरं काही दिवसांनी देणार, त्यांचा क्रम चुकवायचा नसतो म्हणे. काल मी वॉर्डात गेले तर तो माणूस उशीला टेकून बसला होता आणि बायकोशी हुज्जत घालत होता, तंबूंच्या दोऱ्या कुणाकडं दिल्यास म्हणून. मला बघून म्हणाला, "मॅडम, भाकरी मिळंल का? पेज नको." मी विचारलं, वास येतो का? त्यानं विचार केला आणि म्हणाला, "फिनेलचा येतो." मी त्याच्या कागदावर भाकरी लिहिली, अंडं लिहिलं, डाळ घट्ट लिहिली. डोक्याच्या दुखण्यातून उठणाऱ्या माणसाला भरपूर खावं लागतं, झिजलेलं अंग भरून यावं लागतं. पक्षाघाताच्या पेशंटलाही आता मी आधी विचारते की पोटात किती जातंय, आणि मग काय कमी करायचं ते ठरवते. हे शिकायला मला नोकरीची कितीतरी वर्षं लागली. पण दाढीचं, बायकांच्या पाळीचं मी आजवर एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. मला वाटायचं, ते माझं काम नाही. कालपासून मी डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाच्या कागदावर खाली हातानं ते दोन-तीन प्रश्न लिहायला लागले आहे.

मी डॉक्टरीणबाईंना कँटीनमध्ये गाठलं आणि तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी चहा बाजूला ठेवून ऐकलं. म्हणाल्या, "वास गेला होता हे नक्की. मागून आपटलं की वासाच्या नसा तुटतात. बाकीचं असू शकतं, मॅडम. नसूही शकतं. आता तपासता येणार नाही." मी विचारलं, तेव्हा कळलं असतं का? त्या म्हणाल्या, त्या काळात मार लागल्यावर हे कुणी फारसं बघत नसे. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मला तो काढून घ्यावासा वाटला.

घरी आले तर आई दारात मेथी निवडत बसली होती. आता ती माझ्याकडंच असते, तळेगावात. कान शाबूत आहेत, डोळे जरा कमी. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "आई, दादा पडले त्याच्यानंतर त्यांची दाढी यायची का गं?" तिचे हात थांबले. म्हणाली, "न्हाई. येतच नव्हती." मी म्हटलं, तुला माहीत होतं? "मला ठावं नसंल तर कुणाला असंल? नुसती दाढीच न्हाई. बाकीचंबी समदं गेलं व्हतं. माझ्याकडं पाठ करून निजायचे, आन् अंग गार." मी विचारलं, मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस? तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "काय सांगायचं? नवरा नवरा ऱ्हायला न्हाई म्हनून? पुरुष मानसापुढं? मला वाटलं माझ्यावरचा जीव उडाला. तुज्या दादांनी येकदा इच्यारलं मला, रागावलीस का म्हनून. मी न्हाई म्हनले." तिनं मेथीची जुडी पुन्हा उचलली.

दादा, तुम्ही तिच्यावर रुसला नव्हतात, हे मी तिला समजावून सांगितलं. त्या हरभऱ्याएवढ्या ग्रंथीचं सांगितलं, जमेल तसं. तिनं दोनदा विचारलं, "म्हंजे त्यांच्या मनात काय नव्हतं?" मी म्हटलं, नाही, मनात काही नव्हतं, ते दुखणंच होतं. ती थोडी हसली. एकतीस वर्षांनी एक बाई नवऱ्याबद्दल हसते ते कसं असतं हे मी पाहिलं, आणि तुम्हाला ते कळावं म्हणून हे लिहायला बसले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. आईला वाचता येत नाही, तरी ते मी घरात ठेवणार नाही, दवाखान्यातल्या माझ्या कपाटात कुलपात ठेवीन. कारण मेथी निवडून झाल्यावर आईनं विचारलं होतं, "मग तवा औशद व्हतं का गं ह्याच्यावर?" औषध होतं, दादा. साध्या पांढऱ्या गोळ्या, तेव्हाही मिळत होत्या. मी तिला म्हटलं, "नाही आई, तेव्हा निघालंच नव्हतं."